माशीची जागा

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारीकसा उंचवटा असतो, त्याला आपण माशी म्हणतो. नाव किती चपखल आहे ते जुनी ली-एनफिल्ड खांद्याला लावल्यावर कळतं. मागच्या खाचेतून नजर पुढे जाते आणि लांब, नळीच्या अगदी टोकाला, काहीतरी काळं येऊन बसल्यासारखं वाटतं. हात जरा हलला की तेही हलतं. हाकलावंसं वाटतं, पण सगळा नेम तिच्याच जिवावर असतो.

पोलिसांच्या खांद्यावर आणि एनसीसीच्या मैदानावर आपल्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. 1907 मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेली मार्क थ्री, नंतर युद्धाच्या घाईत सोपी केलेली तिची बहीण, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या असंख्य रायफली. या घराण्याबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: “साइट गेलीय,” म्हणजे नेम धरायची पुढची माशी किंवा मागची खाच बिघडलीय. बहुतेक वेळा साइट गेलेली नसते. ती मळलेली असते, किंवा तिच्या खालचं लाकूड हललेलं असतं, किंवा नळीचं तोंड झिजलेलं असतं. बोल मात्र माशीला लागतो, आणि कुणीतरी हातोडी उचलतं.

हातोडीच्या आधी भिंग उचलावं. माशीचं पातं आडव्या डोव्हटेल खाचेत, म्हणजे तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद खाचेत, सरकवून बसवलेलं असतं. पात्याचं बूड आणि त्याखालचा ठोकळा यांच्या सांध्यावर, समोरून पाहिलं तर, बऱ्याच रायफलींवर एक बारीक उभी रेघ दिसते. अर्धी बुडावर, अर्धी ठोकळ्यावर. काहींवर रेघेऐवजी पंचाचा ठिपका असतो. कारखान्यात ती विशिष्ट रायफल झाडून पाहिली, तिच्या स्वभावाप्रमाणे योग्य उंचीचं पातं निवडलं, डावी-उजवीकडे सरकवून गोळ्या मध्यावर आणल्या आणि मग तिथेच खूण मारली, असा त्या रेघेचा अर्थ. रेघ सलग असेल, तर तेव्हापासून माशीला कुणी हात लावलेला नाही. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले असतील, तर नंतर कुणीतरी काहीतरी केलंय, आणि किती केलंय तेही समोरच मोजता येतं. इतकी सरळ नोंद रायफलीवर दुसरीकडे कुठेच नाही. गंजाच्या थराखाली ती दिसत नाही, आणि पॉलिश पेपरने घासलं की कायमची जाते. म्हणून साफसफाईची सुरुवात हलक्या हातानेच करायची.

त्याही आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. मॅगझीन काढायचं, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढायचा, बोल्टचं डोकं वर उचलून कडेतून मोकळं करायचं आणि बोल्ट पूर्ण बाहेर घ्यायचा. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघायचं आणि करंगळीनेही चाचपायचं. टेबलावर काडतूस नको, खोलीतसुद्धा नको. भारतात .303 हा प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे इथे ही रायफल शस्त्रागारात नाहीतर संग्रहालयातच हाताशी येते. बाहेरच्या देशांत ती हौशी नेमबाजांकडेही असते. हात कुणाचाही असो, हे पाऊल वगळायचं नाही. बोल्ट ज्या रायफलीचा, तिच्यातच परत जायला हवा. दोन रायफली एकदम उघडल्या असतील तर बोल्टच्या मुठीवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी घरावरचा) नंबर ताडून पाहायचा.

माशी एवढी का गंजते याचं उत्तर जुन्या काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत आहे. टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते आपल्या जेवणातल्या मिठाचंच भावंड; हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंड खातं. नळीत तर ते राहतंच, पण गोळी बाहेर पडताना मागोमाग येणारा वायू नळीच्या तोंडाशी फुलतो आणि हे मीठ माशीवर, तिच्या दोन्ही बाजूंच्या संरक्षक कानांच्या आत आणि नोजकॅपच्या (लाकडाच्या पुढच्या टोकावरच्या लोखंडी टोपणाच्या) फटीत उडवतो. वरून तेलाचा बोळा फिरवून काही होत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. तेलाखाली ते सुखाने बसतं आणि आपलं काम चालू ठेवतं. त्याला पाणीच लागतं. म्हणून जुन्या सैनिकांना नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायला शिकवत. उकळतंच का, तर ते मीठही धुतं आणि नळी इतकी तापवतं की उरलेला ओलावा आपोआप वाळतो. पाण्यात अमोनिया घालायची पद्धत अनेकजण पाळतात. मीठ धुण्याचं काम मात्र पाणीच करतं. नरसाळ्याच्या नळीचं टोक चेंबरमध्ये नीट आत गेलेलं हवं, नाहीतर पाणी लाकडात उतरतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

माशीसाठी तेच तत्त्व लहान प्रमाणात. कडकडीत पाण्यात बुडवून पिळलेली चिंदी काडीला गुंडाळायची आणि कानांच्या आतून, पात्याच्या दोन्ही अंगांनी, ठोकळ्याच्या पायापर्यंत फिरवायची. दोन-तीन चिंद्या. मग कोरडी चिंदी, मग थोडी ऊब. त्यानंतरच रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन आणि जुना दातांचा ब्रश. साठवणीतलं घट्ट झालेलं ग्रीस मधासारखं पिवळं आणि वर कडक झालेलं असतं. ते खरवडायचं नाही, रॉकेलात भिजवून मऊ होऊ द्यायचं. कोपऱ्यात शिरायला लाकडी दातकोरणी उत्तम, लोखंडी सुई नको. तांबडा गंज उरलाच तर सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून बोटाच्या टोकाने फिरवायची. वजन बोटाचं, मनगटाचं नाही. तांबडं निघून जातं आणि खालचं काळं टिकतं. तांबडं आणि काळं दोन्ही लोखंडाची ऑक्साइडंच, पण काळं घट्ट चिकटून बसतं आणि खालच्या धातूला सांभाळतं. चकचकीत करायचा मोह इथे आवरायला हवा. चकचकीत माशी म्हणजे निकामी माशी. का ते पुढे येईल. महायुद्धानंतर दुरुस्त झालेल्या काही ब्रिटिश रायफलींवर सनकोराइट नावाचा काळा, भाजून बसवलेला रंग असतो. तो रंगही त्या रायफलीच्या इतिहासाचाच भाग. तो उतरवायच्या भानगडीत पडू नये.

मागच्या साइटला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो. मार्क थ्रीची मागची साइट म्हणजे एक लांब पट्टी. ती बिजागरीवर उचलते, तिच्यावर 200 ते 2000 यार्डांचे आकडे असतात, आणि एक सरकता तुकडा, म्हणजे घोडा (चाप नव्हे), दोन्ही बाजूंच्या चढावांवर बसून पट्टी हवी तेवढी वर धरतो. पट्टी उचलून तिच्या पोटात पाहा. सपाट स्प्रिंगखाली ग्रीस, लाकडाचा भुगा, कपड्याचे तंतू आणि वाळूचे कण यांचा एक काळा लगदा साचलेला असतो. तो सगळा ब्रशने आणि चिंदीने बाहेर काढायचा. स्प्रिंगचा स्क्रू शक्यतो सोडूच नये. सोडायचाच झाला तर खाचेत काठोकाठ बसणारं, बाजू समांतर घासलेलं पातं असलेला स्क्रू ड्रायव्हर हवा. पाचरीसारखं साधं पातं खाचेच्या कडा उचलतं आणि ती जखम कायमची राहते.

लगदा काढायचा तो दिसायला बरं म्हणून नव्हे. मार्क थ्रीच्या दोन साइटमधलं अंतर सुमारे 19.4 इंच. चढावावर घोड्याखाली वाळूचा एक कण अडकला आणि त्याने खाच 0.1 मिलिमीटर वर उचलली, तर 100 यार्डांवर गोळी साधारण 18 मिलिमीटर वर जाते. पट्टीच्या बिजागरीत 5 हजारांश इंचाचा डावी-उजवीकडे खेळ असेल, तर तेवढ्याने 100 यार्डांवर जवळजवळ इंचभर फरक पडतो. पट्टी दोन बोटांत धरून हलवून बघायची. डुगडुग जाणवली तर माशी सरकवून काहीही साधणार नाही, कारण आज साधलेलं उद्या हललेलं असेल. इलाज बिजागरीच्या पिनेचा करायचा आणि तो आर्मररनेच, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिरानेच, करायचा. घोडाही पूर्ण लांबीवर सरकवून पाहावा: बाजूची कळ दाबली की सुटला पाहिजे, सोडली की दातात बसला पाहिजे. मार्क थ्रीवर बारीक फरकासाठी छोटं चक्र असतं. त्याच्या दातांत वाळलेलं ग्रीस हमखास सापडतं.

आकडे रंगवायची पद्धत आहे, पांढरा रंग भरून वर पुसून घ्यायचा. हरकत नाही, निघतो. पण खाचेच्या कडांना कानस लावायची नाही, कधीच नाही. खाचेचे दोन खांदे आणि माशीचा माथा एका रेषेत आणणं म्हणजेच नेम. खांदा एकदा घासला गेला की ती रेषच तिरपी होते.

पट्टीवरचे आकडे सरसकट खरे मानण्याआधी ते कोणत्या गोळीसाठी आहेत ते बघावं. सुरुवातीला .303 ची गोळी 215 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची आणि बोथट नाकाची होती. 1910 मध्ये मार्क सेव्हन आली: 174 ग्रेन, टोकदार, सेकंदाला 2440 फूट वेगाची. ती कितीतरी सपाट जाते, त्यामुळे जुन्या साइटचे आकडे चुकीचे ठरले आणि ते नव्याने आखावे लागले. काही रायफलींवर ‘एचव्ही’ (हाय व्हेलॉसिटी) अशी अक्षरं दिसतात, ती या बदलाची. ईशापूरने पुढे 1960 च्या दशकात हीच रायफल 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवली. त्यातल्या टू-ए-वन या प्रकाराच्या साइटचे आकडे 800 वर संपतात. तिचं 12 काडतुसांचं चौकोनी मॅगझीन लगेच ओळखू येतं. पट्ट्या एकमेकींत बसल्यासारख्या वाटल्या तरी अदलाबदल करायची नाही. आणि ज्यांच्या रायफलीच्या डाव्या कुशीत व्हॉली साइटची (लांबवर सगळ्यांनी एकदम गोळ्या झाडण्यासाठीच्या साइटची) 2800 यार्डांपर्यंतची तबकडी नसेल त्यांनी काहीतरी हरवलंय असं समजू नये. पहिल्या महायुद्धात ती बसवणंच बंद झालं.

साइट स्वच्छ झाल्या. तरीही माशीला अजून हात लावायचा नाही.

आता नळीचं तोंड. जुन्या काळी नळी साफ करायची ती फुलथ्रू नावाच्या दोराने: एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात चिंदी, साफ करायला 4 बाय 2 इंच आणि तेल द्यायला 4 बाय 1.5 इंच. चिंदीतला हा अर्ध्या इंचाचा फरक शिस्तीच्या हौसेपायी नाही. रुंद चिंदी घट्ट जाते आणि तेल पिळून टाकते, अरुंद चिंदी तेल मागे ठेवते. पण दोर तिरका ओढला की तो नळीच्या तोंडाच्या एकाच कडेला घासतो. वर्षानुवर्षं रोज घासला तर तिथे पन्हळ पडते. गोळी तोंडातून सुटताना मागचा वायू मग त्या पन्हळीतून आधी निसटतो, गोळीच्या बुडाला एका बाजूने ढकलतो, आणि निशाण्यावर दिसतं ते “साइट डावीकडे नेतेय.” तोंडावर भिंग धरून कड सगळीकडे सारखी आहे का ते बघावं. या रायफलीचा बोल्ट मागून निघतो, त्यामुळे साफ करायचा गज मागूनच घालता येतो. पुढून घालायचं काही कारणच नाही.

मग लाकूड, आणि निम्म्या कोड्यांचं उत्तर इथेच दडलेलं असतं. मार्क थ्रीची नळी टोकापर्यंत लाकडात असते. मार्क थ्रीत नळीच्या पुढच्या भागाखाली लाकडात एक खुंटी आणि तिच्याखाली स्प्रिंग असते. ती नळीला खालून हलका रेटा देते. खुंटी ग्रीसने जाम झाली की रेटा संपतो आणि गोळ्या पसरतात. बोटाने दाबून ती मोकळी खाली-वर होते का ते पाहायचं. रिसीव्हरच्या मागच्या अंगाला, जिथे रायफलीचा धक्का लाकूड झेलतं, तिथल्या दोन्ही गाली लोखंडाला सारख्या टेकलेल्या हव्यात. एक गाल झिजला की रायफल दर धक्क्याला किंचित वळते. चापाच्या कड्यापुढचा स्क्रू घट्ट हवा, आणि तो आवळताना त्याच्याभोवतीच्या धातूच्या बाहीवर येऊन खटकन थांबला पाहिजे. लाकूड आक्रसलं असेल तर स्क्रू थांबतो पण लाकूड सैलच राहतं. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि नेम ऋतूप्रमाणे फिरतो. लाकडाला कच्चं जवसाचं तेल, तळहाताने चोळून, पातळ. आणि एक इशारा: मार्क थ्रीचं पुढचं लाकूड उतरवल्याशिवाय मागच्या दस्त्याचा बोल्ट (वरचा सरकता बोल्ट नव्हे, दस्ता आवळणारा लांब स्क्रू) फिरवायचा नाही. बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. ते फिरलं की लाकूड चिरतं. अशी चिरलेली लाकडं इतकी पाहायला मिळतात की जीव हळहळतो.

हे सगळं झाल्यावरच मैदान. नळी आतून कोरडी पुसून घ्यायची. तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते. अंतर 100 यार्ड, साइट 200 वर, कारण त्याखाली आकडाच नाही. मार्क सेव्हन गोळी या मांडणीत 100 यार्डांवर साधारण 3 इंच वर बसते. तो दोष नव्हे, तसंच अपेक्षित आहे. टेका हात जिथे धरतो तिथे लाकडाखाली द्यायचा, नळीला नाही. सावकाश 5 गोळ्या, नळी निवू द्यायची, आणखी 5.

निशाणा बघताना पहिला प्रश्न “कुठे” हा नसतो, “किती पसरल्यात” हा असतो. गोळ्या ताटाएवढ्या पसरल्या असतील तर साइटने काही सुधारणार नाही. पुन्हा लाकूड, स्क्रू, नळीचं तोंड. नळी तापेल तसा गट, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, एकाच दिशेने चढत गेला तर लाकूड नळीला कुठेतरी दाबतंय. गट घट्ट आहे पण भलत्या जागी आहे, आणि दोन्ही वेळा त्याच जागी आहे, तरच माशीचं काम.

नियम सोपा: गट जिकडे, माशी तिकडे. गट डावीकडे तर माशी डावीकडे, गट वर तर पातं उंच. मागच्या साइटचं उलट, ती गोळी जिकडे न्यायची तिकडे जाते. किती, तर चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले निशाण्याचं अंतर. 100 यार्ड म्हणजे 3600 इंच. गट 6 इंच डावीकडे असेल तर 6 गुणिले 19.4 भागिले 3600, म्हणजे 0.032 इंच, जवळजवळ 0.8 मिलिमीटर. नखाच्या जाडीहून थोडं जास्त. हातोडीचा एक जोरदार ठोका याच्या दुप्पट-तिप्पट नेतो, म्हणूनच आर्मररकडे माशी सरकवायचा वेगळा क्रॅम्प असतो: रायफलीला घट्ट बसतो आणि स्क्रूने पात्याला हळूहळू रेटतो. कानांच्या मध्ये हातोडीला नीट जागाही नसते. आदल्या रात्री डोव्हटेलवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं. खुणेचा ठिपका घट्ट असेल तर पातं आधी हलत नाही आणि मग एकदम निसटतं; त्या क्षणाला सावध राहायचं. ठोकायचंच असेल तर पितळी पंच आणि छोटे, मोजून ठोके.

उंचीचं गणितही हेच. नंबर फोर या नंतरच्या ली-एनफिल्डची पाती प्रमाण उंचीच्या मानाने उणे 0.030 पासून अधिक 0.075 इंचांपर्यंत, 0.015 च्या टप्प्यांनी मिळत. तिची मागची साइट डोळ्याजवळ, भोकाची. दोन साइटमधलं अंतर सुमारे 28.7 इंच. तिथे एक टप्पा 100 यार्डांवर सुमारे 1.9 इंचांचा, तर मार्क थ्रीच्या आखूड अंतरावर तेवढाच फरक 2.8 इंचांचा. नंबर फोरच्या नंतरच्या ठोकळ्यात पातं आवळणारा आडवा स्क्रू असतो. तो सैल करूनच सरकवायचं. पातं घासून आखूड करणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात वाईट. घासलेली उंची परत येत नाही, आणि अशी अनेक पाती जुन्या रायफलींवर दिसतात, माथा तिरपा आणि पांढरा झालेला.

त्या पांढरेपणाचाही हिशेब निशाण्यावर होतो. पात्याची एक कड चमकली की डोळा पात्याचा मध्य चुकीचा धरतो, आणि ऊन सकाळचं दुपारचं झालं की गट आपली जागा बदलतो. नेमबाज यावर कापराची किंवा मेणबत्तीची काजळी धरतात. ज्योत पात्यापासून जरा दूर, धूर पात्याला लागेल एवढीच, आणि अर्थात रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. मखमलीसारखा काळा थर बसतो आणि माशीच्या कडा कागदावर कात्रीने कापल्यासारख्या दिसू लागतात. काम संपलं की तो थर पुसून तेलाचा पुसट हात द्यायचा, कारण काजळीही ओलावा धरते.

नवी जागा सापडली तरी खूण लगेच मारू नये. दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात गट तिथेच आला तरच हलका ठिपका द्यायचा. पात्याची उंची, गोळीचा प्रकार, अंतर आणि तारीख एका कार्डावर लिहून रायफलीसोबत ठेवायची. जुनी रेघ घासून काढायची नाही. तिचे दोन तुकडे आता एकमेकांपासून 0.8 मिलिमीटरवर उभे असतील. ते तसेच राहू द्यायचे. पुढे भिंग घेऊन जो कुणी वाकेल, त्याला ते वाचता येतील.